मैदानापासून पेशापर्यंत : म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीची तीन दशके

पिंपरी-चिंचवडहून निघून मुंबई-बंगळूर महामार्गावर वाकडजवळ मुळा ओलांडली की काही मिनिटांतच श्री शिवछत्रपती क्रीडानगरी लागते. सुमारे दीडशे एकरांचा हा परिसर कागदोपत्री पुण्याचा. पण वाकड, हिंजवडी, चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या हजारो घरांसाठी ही जवळची क्रीडानगरी आहे. सकाळची पाळी संपवून आलेला कामगार मुलाला इथल्या तरणतलावावर सोडतो, कुणाची मुलगी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये घाम गाळते, तर कुणाचा भाचा निवासी प्रबोधिनीत राहून शिकतो.

संस्थेचा इतिहास लिहिताना आपण सहसा इमारती, उद्घाटने आणि पदके यांची जंत्री देतो. तीही या लेखात येईल. मात्र क्रीडानगरीची खरी कमाई वेगळी आहे, असे आमचे ठाम मत आहे. खेळाडू घडवणे हा पूर्णवेळ पेशा असू शकतो, त्यावर संसार चालू शकतो आणि त्यासाठी रीतसर शिक्षण घ्यावे लागते, हे या पट्ट्याने पहिल्यांदा जवळून पाहिले ते इथे. म्हणून हा इतिहास प्रामुख्याने प्रशिक्षकांच्या बाजूने सांगितला आहे.

आधीची परंपरा

शरीर घडवण्याच्या शास्त्राची महाराष्ट्राला जुनी ओळख आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केले आणि १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने जर्मनीत भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली. याच मंडळाचे चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९७७ पासून क्रीडा शिक्षक घडवत आहे. गावोगावच्या तालमींत वस्ताद होतेच. पहाटे आखाडा उकरायचा, पोरांकडून जोर-बैठका काढून घ्यायच्या, डाव शिकवायचे आणि बदल्यात गावाचा मान घ्यायचा, असे त्यांचे आयुष्य. मान भरपूर असे, मिळकत मात्र शेतातून किंवा दुसऱ्या कामातून येई.

पिंपरी-चिंचवडची वाढ कारखान्यांनी झाली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. साठच्या दशकात टेल्को आणि बजाज ऑटो आले, त्यांच्यामागे सुट्या भागांचे शेकडो कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. सातारा, सांगली, मराठवाडा, खानदेश, कोकण अशा सगळ्या भागांतून माणसे आली, आणि येताना कबड्डी, खो-खो, कुस्ती घेऊन आली. खेळाचे मोठे फळ म्हणजे कंपनीतली नोकरी, हा समज तेव्हाचा. तो चुकीचाही नव्हता. संघातून खेळणाऱ्या तरुणाला कायमची नोकरी लागे, घर उभे राही. पण वयाने खेळ सुटला की त्याचे खेळातले ज्ञानही बहुतेक वेळा यंत्राशेजारीच विरून जाई. ते पुढच्या पिढीला देण्याची सोय, म्हणजे पगार, पद आणि मैदान, त्याच्यासाठी कुठेच नव्हती.

देशपातळीवर १९६१ साली पतियाळात राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली आणि 'एनआयएस' हा शब्द प्रशिक्षकांच्या ओळखीचा भाग बनला. १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला. पहिल्याच वर्षीच्या तीन मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते, ही मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

१९९४ : नगरी उभी राहते

१९८७च्या केरळमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांनंतर पुढच्या स्पर्धा व्हायला सात वर्षे लागली. जानेवारी १९९४ मध्ये त्या मुंबई आणि पुणे येथे झाल्या. शरद पवार मुख्यमंत्री होते. पुण्यातील आयोजनात सुरेश कलमाडी यांचा पुढाकार होता. या स्पर्धांसाठीच म्हाळुंगे-बालेवाडीच्या शेतजमिनीवर वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार क्रीडानगरी बांधली गेली. ॲथलेटिक्सचे मुख्य स्टेडियम, तरणतलाव, सायकलिंगचा वेलोड्रोम, नेमबाजीची रेंज, बॅडमिंटन व इतर खेळांचे बंदिस्त हॉल, टेनिसची कोर्टे आणि निवासव्यवस्था असे सर्व काही एकाच आवारात असलेले संकुल महाराष्ट्राने त्याआधी पाहिले नव्हते. त्या स्पर्धांत पदकतालिकेत महाराष्ट्र पहिला आला.

स्पर्धा संपल्यावर मोठा प्रश्न उरला. कोणतेही संकुल पंधरवड्याच्या सोहळ्यासाठी उभारणे सोपे असते. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस तिथे घाम गळत राहावा, यासाठी माणसे लागतात. क्रीडानगरीच्या सुदैवाने त्याचे उत्तर लवकर मिळाले.

क्रीडा प्रबोधिनी : निवडीचे शास्त्र

१९९६ मध्ये राज्याच्या क्रीडा धोरणातून श्री शिवछत्रपती क्रीडापीठ आणि त्याच्या अंतर्गत निवासी क्रीडा प्रबोधिनी आकाराला आली. पुण्याबरोबर नाशिक, नागपूर, अमरावती, कोल्हापूर अशा अनेक ठिकाणी प्रबोधिनी सुरू झाल्या. ग्रामीण भागातल्या गुणी मुलांना लहान वयात हेरायचे, त्यांचे राहणे, खाणे आणि शाळा यांची जबाबदारी शासनाने घ्यायची आणि त्यांना नियमित प्रशिक्षण द्यायचे, अशी ही कल्पना.

निवडीची पद्धत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. 'बॅटरी टेस्ट' या नावाने ती राज्यातल्या प्रत्येक क्रीडा शिक्षकाला ठाऊक आहे. उंची आणि वजन मोजायचे. मग ३० मीटर धाव, ६ × १० मीटर शटल रन, उभ्या जागेवरून उंच उडी आणि लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, पुढे वाकून लवचिकतेची चाचणी आणि शेवटी ८०० मीटर धाव. मूल आज कोणता खेळ खेळते यापेक्षा त्याच्या शरीरात वेग, ताकद, चपळाई, लवचिकता आणि दम किती आहे, हे या चाचण्या पाहतात. कुठल्या गावचा, कुणाचा मुलगा, शाळेचे नाव काय, या प्रश्नांना तिथे जागा नाही. स्टॉपवॉच आणि मोजपट्टी बोलतात. ज्याला आज 'ॲथलेटिक डेव्हलपमेंट' म्हटले जाते, त्याची महाराष्ट्रातली पहिली व्यापक शासकीय अंमलबजावणी हीच.

या पद्धतीचे सर्वांत मोठे फळ १ ऑगस्ट २०२४ रोजी साऱ्या देशाने पाहिले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत आला. पहिले वर्ष सर्वांगीण शारीरिक तयारीचे होते, त्यानंतर त्याने नेमबाजी निवडली. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत ४५१.४ गुण मिळवून त्याने कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या हेलसिंकीतील पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले. स्वप्नीलच्या मागे प्रशिक्षक म्हणून उभ्या होत्या दीपाली देशपांडे. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळलेल्या दीपालीताईंनी खेळाडू म्हणून कारकीर्द संपल्यावर प्रशिक्षणाचे व्रत घेतले. पुढे २०२४च्या राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांत स्वप्नीलला अर्जुन आणि दीपालीताईंना द्रोणाचार्य असे दोन्ही सन्मान एकाच यादीत आले. शिष्य आणि गुरू यांचा एकत्र गौरव होणे, हा या क्षेत्रातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा क्षण आहे.

हॉकीतही प्रबोधिनीने मोठे काम केले. साताऱ्यातील फलटण तालुक्यात हॉकीचे टर्फ नव्हते, मोठे क्लब नव्हते. त्याच तालुक्यातून अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके यांच्यासारख्या मुली पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आल्या आणि पुढे भारतीय महिला संघाच्या जर्सीत खेळल्या. गावातल्या क्रीडा शिक्षकाने मुलगी हेरली, प्रबोधिनीच्या मार्गदर्शकांनी तिला घडवले. या साखळीतली एक कडी निखळली असती, तरी त्या मुली आपल्याला दिसल्या नसत्या.

मोठ्या स्पर्धांची वर्षे

ऑक्टोबर २००८ मध्ये तिसऱ्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा पुण्यात भरल्या आणि त्यासाठी क्रीडानगरीचे मोठ्या प्रमाणावर नूतनीकरण झाले. भारताने पदकतालिकेत पहिले स्थान मिळवले. २००९ मध्ये २१ वर्षांखालील मुलांची जागतिक व्हॉलीबॉल स्पर्धा इथे झाली, ती ब्राझीलने जिंकली. जुलै २०१३ मध्ये आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा चेन्नईहून ऐनवेळी पुण्याकडे आली. इथल्या मैदानावर विकास गौडाने थाळीफेकीत सुवर्ण जिंकले, आणि महिलांच्या ४ × ४०० मीटर रिलेतही भारताला सुवर्ण मिळाले. जानेवारी २०१९ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धांत महाराष्ट्राने घरच्या मैदानावर ८५ सुवर्णांसह २२८ पदके मिळवून अव्वल स्थान पटकावले.

चेन्नईत होणारी एटीपी टेनिस स्पर्धा २०१८ मध्ये इथे आली आणि 'टाटा ओपन महाराष्ट्र' या नावाने २०२३ पर्यंत तिच्या पाच आवृत्त्या झाल्या. जगातले आघाडीचे खेळाडू सामन्याआधी अर्धा तास कसे अंग गरम करतात, सामना संपल्यावर लगेच फिजिओकडे का जातात, आहाराचे वेळापत्रक कसे पाळतात, हे इथल्या तरुण प्रशिक्षकांना कोर्टाच्या कडेला उभे राहून शिकता आले.

इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१४ पासून इथे खेळली. काही हंगामांनंतर तो संघ पुण्यातून गेला. प्रो कबड्डीतील पुणेरी पलटणचे घरचे सामनेही इथे रंगले. पलटणने मार्च २०२४ मध्ये हैदराबादेत पहिले विजेतेपद मिळवले. व्यावसायिक लीगने ट्रेनर, फिजिओ, व्हिडिओ विश्लेषक, आहारतज्ज्ञ अशी पगारी कामे आणली. त्याच वेळी एक धडाही दिला. संघमालकाचा निर्णय बदलला की ही कामे एका रात्रीत जातात. त्यामुळे प्रशिक्षकाच्या पेशाचा पाया शाळा, महापालिका, प्रबोधिनी आणि क्लब यांतच भक्कम असला पाहिजे.

कुस्तीचा एक प्रसंग इथे नोंदवलाच पाहिजे. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत क्रीडानगरीत झाली. समोरासमोर होते हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघेही अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार यांचे पठ्ठे, कात्रजच्या एकाच तालमीतले. हर्षवर्धन जिंकला आणि त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. तीन वर्षांनी पुन्हा तेच घडले. जानेवारी २०२३ च्या अंतिम लढतीत शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड हे दोघेही काकांचेच शिष्य होते. विजयी शिवराज आपल्या खेड तालुक्यातला, चाकणच्या शेजारच्या मातीतला. एका गुरूचे दोन शिष्य अंतिम फेरीत येणे योगायोगाने एकदा घडू शकते. दुसऱ्यांदा घडते तेव्हा ती पद्धतीची ताकद असते.

पंचक्रोशीत पसरलेले काम

क्रीडानगरीमुळे आसपासच्या पट्ट्यातही प्रशिक्षणाची केंद्रे वाढली. गगन नारंगने २०११ मध्ये 'गन फॉर ग्लोरी' ही नेमबाजीची अकादमी बालेवाडीत सुरू केली. नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियममध्ये डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा झाली. भोसरीच्या इंद्रायणीनगरात महापालिकेने धावपटूंसाठी सिंथेटिक ट्रॅक केला.

थेरगावच्या व्हेरॉक वेंगसरकर क्रिकेट अकादमीची गोष्ट या पट्ट्यासाठी विशेष बोलकी आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, दिलीप वेंगसरकरांसारखा कसोटीपटू आणि औद्योगिक नगरीतले मैदान असा तिथे मेळ झाला. जुन्या सांगवीतला ऋतुराज गायकवाड लहानपणी याच अकादमीत दाखल झाला. २०२१च्या आयपीएलमध्ये त्याने ६३५ धावा करून सर्वाधिक धावांचा मान मिळवला, २०२२ मध्ये विजय हजारे स्पर्धेत एका षटकात सात षटकार ठोकले आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाचे नेतृत्व केले. उद्योगाचा पैसा प्रशिक्षणाकडे वळला की काय होते, याचे उत्तर इथे मिळते.

प्रशिक्षक कसा घडतो

कारखान्यांच्या या पट्ट्यात टूलरूमचे महत्त्व कुणाला सांगावे लागत नाही. बाजारात गाडी जाते, तिचे नाव होते. जिच्यातून तिचे भाग निघाले ती डाय आणि ती डाय घासून बसवणारा कारागीर मात्र ग्राहकाला कधी दिसत नाही. पण त्याचा हात चुकला तर सगळी लाइन चुकते, म्हणून कारखाना त्याला जपतो. प्रशिक्षकाचे स्थान असेच आहे, आणि त्याला तसेच जपले पाहिजे.

आज या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींसाठी वाटा स्पष्ट आहेत. शाळेत शिकवायचे असेल तर पदवीनंतर बी.पी.एड. आणि पुढे एम.पी.एड. स्पर्धात्मक प्रशिक्षणाकडे जायचे असेल तर पतियाळाचा एनआयएस डिप्लोमा किंवा सुरुवातीला सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. फुटबॉलमध्ये महासंघाच्या डी लायसन्सपासून पुढे सी, बी, ए आणि प्रो अशी चढण आहे. क्रिकेट, ॲथलेटिक्स, हॉकी, बॅडमिंटन या खेळांतही लेव्हल वन, लेव्हल टू अशा पायऱ्या आहेत. शासनाच्या सेवेत क्रीडा मार्गदर्शक, तालुका क्रीडा अधिकारी, जिल्हा क्रीडा अधिकारी ही पदे आहेत. त्याखेरीज ताकद व दम वाढवणारा ट्रेनर, क्रीडा फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, क्रीडा मानसशास्त्रज्ञ, सामन्याचे चित्रण तपासणारा विश्लेषक, पंच आणि मैदान राखणारा तज्ज्ञ, ही सगळी आता स्वतंत्र कामे आहेत. राज्य शासनाने २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला, तेव्हा क्रीडाविज्ञान, क्रीडा व्यवस्थापन आणि प्रशिक्षण हेच विषय समोर ठेवले होते.

चांगला प्रशिक्षक कोणता? दहा वर्षांच्या मुलाकडून सोळा वर्षांच्या मुलाचा व्यायाम करून घेत नाही तो. मुलीच्या शरीरातले बदल समजून तिच्या सरावाचा भार ठरवतो तो. दुखापत लपवून खेळणाऱ्या मुलाला सामन्यातून बाहेर काढण्याचे धैर्य दाखवतो तो. लहान वयात पदकाच्या घाईने पिळून काढलेली मुले अठराव्या वर्षी खेळ सोडतात, हे अनुभवी प्रशिक्षक जाणतात. क्रीडानगरीत पहिल्या वर्षी सर्वांगीण तयारी आणि मग खेळाची निवड हा क्रम ठेवला गेला, यामागे हीच समज आहे.

उरलेले काम

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत महाराष्ट्राने ८० सुवर्णांसह २२८ पदके मिळवली आणि १९९४ नंतर प्रथमच पदकतालिकेत पहिले स्थान परत मिळवले. एकोणतीस वर्षांचा हा काळ प्रशिक्षकांच्या पिढ्या घडण्याचा काळ आहे. पहिल्या यशाला घरच्या मैदानाची साथ होती. दुसरे यश परक्या मैदानावरचे आहे, आणि ते प्रशिक्षणाचे यश आहे.

या यशाच्या उजेडात एक उणीव स्पष्ट सांगितली पाहिजे. राज्यात खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. विजय चौधरी, राहुल आवारे यांच्यासारखे मल्ल पोलीस उपअधीक्षक झाले, त्याचा सर्वांना आनंद आहे. खेळाडूला सन्मानाची नोकरी मिळालीच पाहिजे. पण अनेक प्रशिक्षक आजही करारावर, मानधनावर काम करतात. मानधन उशिरा आले तर घरभाडे थांबते आणि करार संपला की वर्षानुवर्षे घडवलेली मुले दुसऱ्याच्या हाती जातात. खेळाडूची घडण आठ-दहा वर्षांची असते. ती घडवणाऱ्याची नेमणूक अकरा महिन्यांची असेल, तर हिशेब कधीच जुळणार नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने चार मागण्या आम्ही मांडतो. प्रबोधिनीतील आणि महापालिकांच्या क्रीडा केंद्रांतील प्रशिक्षकांच्या नेमणुका दीर्घ मुदतीच्या आणि वेळेवर वेतन देणाऱ्या असाव्यात. निवृत्त होणाऱ्या राष्ट्रीय खेळाडूंना एनआयएस किंवा तत्सम शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळावी, म्हणजे त्यांचे ज्ञान खेळातच राहील. चाकण, भोसरी, तळवडे, पिंपरी येथील उद्योगांनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून गणवेश आणि चषक यांबरोबर एका प्रशिक्षकाचा पाच वर्षांचा पगार उचलावा. आणि महिला प्रशिक्षकांची संख्या वाढवण्यासाठी पट्ट्यातल्या प्रत्येक शाळेने पुढाकार घ्यावा, कारण मुलगी मैदानावर टिकते की नाही हे पुष्कळदा तिथे तिची एखादी ताई आहे की नाही यावर ठरते.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाला अकादमीत घालताना फी आणि अंतर विचारा, तसे प्रशिक्षकाचे शिक्षण, प्रमाणपत्र आणि त्याने किती मुले किती वर्षे टिकवली, हेही विचारा. आणि तुमच्या मुलाने किंवा मुलीने उद्या 'मला कोच व्हायचे आहे' असे सांगितले, तर ते इंजिनिअर किंवा डॉक्टर होण्याइतकेच गांभीर्याने घ्या. महाराष्ट्राला पुढची पदके त्याच मुलांच्या हातून मिळणार आहेत.